चोवीस सामने

४ जुलै

क्लबच्या फिजिओने सगळ्यांना एकेक वही वाटली आहे. किती तास झोपलो, काय खाल्लं, कुठे दुखतंय, ते रोज लिहायचं. पुढून ते लिहितो. मागून हे. इथे आपली भाषा कुणाला वाचता येत नाही, एवढं एक सुख आहे.

वय तेहतीस, सहावा क्लब, पाचवा देश. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला दर खेपेला शाळेचा दाखला काढावा लागत नाही. मुंगीची ही चौथी शाळा. मुंगी म्हणजे आमची मुलगी, नऊ वर्षांची. मागच्या शाळेत दीड वर्षात ती वर्गात एकूण अकरा वाक्यं बोलली, असं तिच्या बाईंनी अहवालात लिहिलं होतं. मोजली होती म्हणे. घरी मात्र तोंडाचा पट्टा अखंड सुरू असतो.

घर शिंप्याच्या दुकानावर आहे. तीन खोल्या. खाली मशीन सकाळी आठला घरघरायला लागतं आणि जेवायच्या वेळी थांबतं. ही, म्हणजे माझी बायको, दिवसभर खोकी उघडत होती. सहा खोकी तिने पलंगाखाली तशीच सरकवली. म्हणाली, "मागच्या घरीही उघडली नव्हती. राहू देत." त्यांत काय आहे ते आता दोघांनाही आठवत नाही.

करार एका वर्षाचा. पण त्यात एक कलम आहे: पहिल्या अकरांत राहून पंचवीस सामने खेळलो, तर आपोआप आणखी दोन वर्षं. हे कलम मामाने घालून घेतलं. मामा म्हणजे माझा एजंट. तो कुणाचाच मामा नाही, पण त्याने पुष्कळांना मामा बनवलंय. हिला म्हटलं, पंचवीस झाले की तीन वर्षं एकच घर, एकच शाळा. ती म्हणाली, "लिहून दे." मी हसलो. ती हसली नाही. मग लिहून दिलं.

७ जुलै

आज डोक्याची परीक्षा झाली. सीझनआधी सगळ्यांची घेतात. डॉक्टरबाईंच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचं. बारा चित्रं दाखवतात, मग चाळीस चित्रांतून ती बारा ओळखायची. ठिपक्याचा रंग बदलला की बटण दाबायचं. आकडे उलटे म्हणायचे. पुढे कधी डोक्याला मार बसला की हीच परीक्षा परत घेतात. निकाल आजच्याइतका आला तर खेळायला मोकळे, कमी आला तर बसा घरी.

बाहेर रांगेत आजोबा उभा होता. आजोबा म्हणजे आमचा गोलकीपर. सदतीस वर्षांचा, माझ्यासारखाच चार देशांचं पाणी प्यायलेला. कानाशी येऊन म्हणाला, "आत गेल्यावर जरा मठ्ठपणा कर."

"म्हणजे?"

"अरे, आज हुशारी दाखवलीस, तर उद्या एक टोला बसला की बसलास तीन आठवडे बाकावर. आज कमी पाडून ठेव. तुला पंचवीस हवेत ना?"

युक्ती जुनीच. तिसऱ्या क्लबात निम्मे लोक करायचे. मी कधी केली नव्हती, कारण कधी गरज पडली नव्हती. आज केली. ओळखीचं चित्र आलं की मनात तीनपर्यंत मोजायचं आणि चुकीचं बटण दाबायचं. आयुष्यात पहिल्यांदा ठरवून नापास झालो. शाळेत न ठरवता व्हायचो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "जरा कमी वाटतंय. झोप झाली नव्हती का?"

"घर लावत होतो," म्हटलं. त्यांनी तसं टिपून घेतलं. बाई साध्या आहेत. थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

२३ ऑगस्ट

तीन झाले.

आमच्या कोचला सगळे हेडमास्तर म्हणतात. सामन्याच्या आदल्या दिवशी तो प्रत्येकाला कागद देतो आणि सकाळी तोंडी विचारतो. माझा कागद सगळ्यात छोटा. बचावफळीच्या पुढे उभं राहायचं, समोरच्या गोलीने लांब मारलेला चेंडू हवेतच डोक्याने परतवायचा, आणि पायात आला तर आपल्या माणसाला द्यायचा. गोल करणाऱ्यांचे फोटो येतात, वाचवणाऱ्यांचेही येतात. मी मधला. ना इकडचा ना तिकडचा. पण एक गोष्ट मला येते: चेंडू पायात यायच्या आधी मैदानावर कोण कुठे आहे हे मला पाठ असतं. मान वळवावी लागत नाही. पंधरा वर्षं याच एका गुणावर पोट भरलं.

त्यामुळे मुंगीला माझ्याशी पत्ते खेळायला आवडत नाही. चित्रांच्या जोड्यांचे पत्ते. छत्तीस पालथे मांडायचे, दोन उलटायचे, जोडी जमली तर आपली. ती सहा जोड्या काढते, मी बारा. "तू चोर आहेस," म्हणते. "तुला पाठीमागून दिसतं."

शाळेतून रोज गप्प येते. विचारलं तर म्हणते, "काही नाही झालं." खरंच काही होत नसणार, तेच तर दुखणं आहे.

१७ सप्टेंबर

सात झाले. आणि आज एक मोठी बातमी. मुंगीला मैत्रीण मिळाली!

खालच्या शिंप्याची मुलगी. मुंगीच्याच वर्गात आहे, पण हे दोघींना आज कळलं, कारण दोघी वर्गात बोलत नाहीत. शिंप्याच्या मुलीला बोलता येतं, ती फक्त लाजते. दोघी जिन्यात बसून चिंध्यांच्या बाहुल्यांना कपडे शिवत होत्या. निम्मं खुणांनी, निम्मं इथल्या भाषेत. ही जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. मला बोट दाखवून गप्प केलं. मग आत येऊन ओट्याला टेकून रडली. आनंदाने.

आता काहीही झालं तरी पंचवीस करायचेच.

२० ऑक्टोबर

कालच्या सामन्याचं मला आठवत नाही. आजोबाने सांगितलं ते लिहितो.

साठाव्या मिनिटाला त्यांच्या गोलीने लांब मारला. मी उडी घेतली, त्यांचा पुढचा खेळाडूही उडाला. त्याचं डोकं माझ्या कानाच्या वर बसलं. आवाज आजोबाला गोलपर्यंत ऐकू गेला. मी पडलो, उठलो, रेफरीला अंगठा दाखवला. मग वीस मिनिटं खेळलो. आजोबा म्हणतो, "खेळलास कसला, फिरलास. दोनदा मला येऊन स्कोअर विचारलास. दुसऱ्यांदा विचारलास तेव्हा आपण एक गोल खाल्ला होता, आणि तो मीच खाल्ला होता, म्हणून मला जास्त राग आला." मग हेडमास्तरने बाहेर काढलं.

सुरुवातीपासून खेळलो असल्यामुळे सामना धरला जातो. अकरा झाले. 

ही सकाळपासून मला एकटं सोडत नाही. मुंगीने विचारलं, "डोकं फुटलं का?" मी म्हटलं, फुटलं असतं तर सांडलं असतं. ती हसली, पण उशिरा.

२६ ऑक्टोबर

आज परत परीक्षा. आजोबाने सकाळी बजावलं होतं, "या वेळी जीव तोडून दे. जुलैमध्ये खड्डा खणून ठेवलायस, त्यामुळे भीती नाही." डोकं सकाळपासून ठणकत होतं, म्हणून मला जरा धाकधूक होती. दिली. मनापासून दिली. चित्रं बघताना दात आवळून धरले होते.

डॉक्टरबाईंनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी लावले आणि खूश झाल्या. "वा! अगदी तंतोतंत. जुलैत होतात तसेच आहात." सोमवारपासून सराव.

घरी येताना वाटेत मनात काहीतरी आलं होतं. जिना चढेपर्यंत विसरलो. चांगलीच बातमी होती, त्यामुळे महत्त्वाचं नसेल.

हिला म्हटलं, पास झालो. ती म्हणाली, "पास म्हणजे काय?" कधी कधी ही असले प्रश्न विचारते.

९ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातला ट्यूबचा दिवा काढून टाकला. डोळ्यांत घुसतो. हिने विचारलं, पूर्वी कधी घुसला नाही तो? म्हटलं, जुना झालाय.

मुंगीला पत्त्यांत हरवलं. अकरा-सात. मधे दोन आठवडे ती जिंकत होती, तेव्हा मला वाटलं होतं पोरगी वरचढ झाली. पण नाही, नव्याचे नऊ दिवस. मांजराचा पत्ता कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. तीनदा समोर येऊनही तिने दुसराच उलटला. शाळेत मैत्रीण मिळाल्यापासून लक्ष उडालंय तिचं. ही बाजूला बसून भाजी निवडत होती.

२९ नोव्हेंबर

काल पंधरावा. आणि मी गोल केला. मी! तीन वर्षांत पहिला. कॉर्नरवरून चेंडू आला, पायाला लागला, आत गेला. सगळे अंगावर पडले. आजोबा अख्खं मैदान ओलांडून आला आणि माझे दोन्ही गाल ओढले. मी खाली दबलेला असताना विचार करत होतो, की संपलं की अंघोळीला गरम पाणी पुरेल का.

आनंद झाला नाही असं नाही. काहीच झालं नाही. गोधडी पांघरून बसलेल्या माणसाला कुणी बोट लावावं तसं, लागलं एवढं कळतं.

दुपारी बसून आठवत होतो. पहिल्या क्लबात बसमध्ये खिडकीजवळची जागा वर्षभर मिळाली नव्हती. दुसऱ्या देशात मुंगी झाली, तेव्हा मी सामन्याला दुसऱ्या गावी होतो, फोनवर रडणं ऐकवलं होतं. तिसऱ्या क्लबाच्या ड्रेसिंग रूममध्ये खुंट्या कमी होत्या. चौथ्या क्लबाच्या कप्तानाचं नाव संध्याकाळपर्यंत आठवेना. दोन वर्षं त्याच्या शेजारी कपडे बदलले. शेवटी हिला विचारलं. तिने लगेच सांगितलं, आणि त्याच्या बायकोचंही सांगितलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

१४ डिसेंबर

दादाचा फोन. आईची तब्येत ठीक. मी त्याला गोलची गोष्ट सांगितली, आजोबाने गाल कसे ओढले ते. दादा एरवी मधे मधे बोलतो, आज पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छान. हे तू रविवारीही सांगितलंस."

"मग काय झालं? चांगली गोष्ट दोनदा सांगावी."

"सांग की. पण रविवारीही तू हेच वाक्य म्हणालास." मग म्हणाला, "तुझं बरं आहे ना रे?"

बरंच आहे म्हटलं. दादाला लहानपणापासून काळजीची हौस.

१९ जानेवारी

काल एकोणिसावा. हरलो, आणि माझ्यामुळे हरलो असं म्हणतात.

मैदानात आम्ही सारखे ओरडत असतो. "मागे माणूस!" "सोड!" "वळ!" दोन-दोन शब्द. नव्या देशात गेलं की आधी हेच वीस शब्द शिकायचे, नमस्कार नंतर. काल आमच्या डाव्या बचाववाल्याच्या पाठीमागे त्यांचा माणूस घुसला. मी ओरडलो, "मागे माणूस!" तो वळला नाही. परत ओरडलो. तो माझ्याकडे बघतच राहिला. गोल झाला. मी त्याच्यावर धावून गेलो, बहिरा आहेस का म्हणून. तो म्हणाला, "तू काय बोलतोयस तेच कळत नाही!"

मी दुसऱ्या देशाच्या भाषेत ओरडत होतो. नऊ वर्षांपूर्वीच्या.

ड्रेसिंग रूममध्ये सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, बाबा, एवढे देश फिरलास की आतल्या तारा एकमेकींत गुंतल्या. हेडमास्तर मात्र हसला नाही. म्हणाला, "विश्रांती देऊ का एक सामना?" मी म्हटलं, नको. सहाच राहिलेत.

२३ जानेवारी

डाव्या मनगटावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळतो. त्यावर पेनाने ते वीस शब्द लिहिलेत. फिजिओने विचारलं, कुणाचं नाव लिहितोस रे? म्हटलं, बायकोचं. त्याला फार आवडलं.

४ मार्च

बावीस.

आज ही भांडली. म्हणजे भांडायचा प्रयत्न केला. कारण साधं होतं: दोन तास मी मुंगीला शाळेतून आणायला गेलो नाही. मी चावी शोधत होतो. मुंगी शिंप्याच्या बायकोबरोबर घरी आली होती आणि खालीच बसली होती. ही पंधरा मिनिटं बोलली. मी ऐकत होतो. मग ती अचानक थांबली. "तू चिडत का नाहीस? पूर्वी एक बोललं की दोन ऐकवायचास. आता हसत नाहीस, रडत नाहीस, भांडत पण नाहीस. मी काय भिंतीशी भांडू?"

मी म्हटलं, तुझं बरोबर आहे, मग कशाला चिडू.

त्यावर ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग आठवलं की चावी अजून सापडायचीय.

२० मार्च

चोवीस झाले. रविवारी पंचविसावा, आमच्याच मैदानावर.

आज संध्याकाळी जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

शिंप्याची मुलगी वर आली होती. मुंगी म्हणाली, तिघं खेळू. पत्ते मांडले. गेले कित्येक महिने मीच जिंकतोय. आजही चार जोड्या माझ्या झाल्या होत्या. मुंगीची पाळी आली. तिने होडीचा पत्ता उलटला. दुसरी होडी आत्ताच, एक मिनिटापूर्वी, तिनेच उघडून ठेवली होती, कोपऱ्यात. मला काही ते लक्षात नव्हतं. मुंगीने हात कोपऱ्याकडे नेला, आणि तिथून काढून मधला भलताच पत्ता उलटला.

शिंप्याची मुलगी किंचाळली, "अगं ए! तुला माहितेय कुठे आहे ते! असं काय करतेस?"

इथल्या भाषेत म्हणाली, पण एवढं मला समजतं. मुंगीने तिला कोपर मारलं. ती बिचारी आणखी चिडली. "कालपण असंच केलंस म्हणून सांगितलंस! बाबा हरायला नको म्हणून!"

खालचं मशीन चालू होतं. ती मुलगी चपला हातात घेऊन खाली पळाली.

मी मुंगीला म्हटलं, "कधीपासून?"

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात ही उभी होती. "दिवाणावर बसून विचार ना तिला, असं अंगावर जाऊन काय?" ही म्हणाली. मी अंगावर गेलो नव्हतो. निदान मला तसं वाटत नाही.

"तुला लागलं होतं ना, तेव्हापासून," मुंगी म्हणाली. "तू हरलास की तासन्तास नुसता पत्त्यांकडे बघत बसायचास."

"आता खरं खेळ," म्हटलं.

"नको."

"खेळ. मी नाही रागावणार."

पत्ते परत मांडले. ती खेळली. मला मांजर सापडलं आणि छत्री सापडली. बाकी सगळं तिने उचललं. सोळा-दोन. ती पत्ते उचलताना एकदाही थांबली नाही, आणि एकदाही वर बघितलं नाही.

२१ मार्च

सकाळी हिला म्हटलं, तुला माहीत होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"डॉक्टरांनी पास केलंय म्हणालास. मी काय डॉक्टर आहे? मला वाटलं, मीच वेड्यासारखी बघत असते तुझ्याकडे." मग म्हणाली, "आणि मलाही हे घर हवं होतं. खोटं कशाला बोलू? मलाही पंचवीस हवे होते."

तेव्हा मी तिला जुलैचं सांगितलं. मठ्ठपणाचं. आठ महिन्यांत सांगितलं नव्हतं. तिने टॉवेल खाली ठेवला. तिला कळायला फार वेळ लागला नाही. ऑक्टोबरमध्ये घरी येताना वाटेत जे माझ्या मनात येऊन गेलं होतं, ते तिने सरळ तोंडावर म्हटलं: "म्हणजे जुलैत तू मुद्दाम जेवढा मठ्ठ झालास, ऑक्टोबरमध्ये जीव तोडून तेवढाच आलास?"

मी हो म्हटलं.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "एकच राहिलाय. तूच ठरव. मी खेळ म्हटलं आणि नंतर तुला काही झालं तर मला जगता येणार नाही. आणि मी अडवलं तर तुला."

सरावाच्या आधी डॉक्टरबाईंकडे गेलो. दार लावून घेतलं. त्यांना वाटलं गुडघा. मी म्हटलं, "बाई, जुलैची परीक्षा मी खोटी दिली होती."

त्या आधी हसल्या. मग दोन्ही निकाल पडद्यावर काढले आणि बघत बसल्या. "ऑक्टोबरची?"

"ती खरी."

"किती खरी?"

"होती तेवढी सगळी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आज परत द्याल?"

दिली. बारा चित्रांतली पाच ओळखली. सहावं कप-बशीचं होतं असं मला अजून वाटतं, पण ते नव्हतंच. निकाल त्यांनी वाचून दाखवला नाही, पडदा माझ्याकडे फिरवला. तिसरी रेघ पहिल्या दोन्हींच्या खाली होती.

"मी तुम्हाला खेळायला सोडलं," त्या म्हणाल्या.

"मी फसवलं म्हणून सोडलंत."

"हो. फसवलंत." त्यांचा आवाज चढला नाही. "रविवारी नाही. मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी देते, तिथे सगळं बघतील. पण मला विचाराल, तर बूट कुणाला तरी देऊन टाका. आणखी एक मार डोक्याला नको. एकही नको."

मी विचारलं, "पंचविसावा नुसता सुरू करून लगेच बाहेर आलो तर?"

विचारून गेलो. कशाला विचारलं कोण जाणे. त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

२३ मार्च

सामना झाला. जिंकले. मी वरती, त्या दिवशी न खेळणाऱ्या खेळाडूंच्या रांगेत बसलो होतो. मैदान वरून फार सोपं दिसतं. माझ्या जागी जो खेळला तो बरा खेळला.

संपल्यावर आजोबा बाहेर भेटला. लालबुंद झाला होता. "एक सामना! एकच, अरे गाढवा! पाच मिनिटं उभा राहिला असतास तरी झालं असतं. तोंड उघडायची काय घाई होती?" मग म्हणाला, "मीच शिकवलं होतं ना तुला ते."

"मला आधीच येत होतं," म्हटलं.

तो भिंतीला टेकून उभा राहिला. हातमोजे अजून घातलेले होते. म्हणाला, "माझी कशी आली असेल रे परीक्षा? खरी दिली असती तर?" मला काय सांगता येणार. त्याला म्हटलं, एकदा जाऊन खरी देऊन बघ. त्याने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

मामाचा फोन येऊन गेला. उचलला नाही. 

३० मार्च

आज मुंगीला सांगितलं. ही म्हणाली होती, मी सांगते. म्हटलं, नको, शब्द मोडलाय मी, तर सांगेनही मीच.

ती जमिनीवर बसून शाळेच्या वहीला कव्हर घालत होती. मी शेजारी बसलो. "शाळेची परीक्षा झाली की आपण इथून जायचं."

"किती दिवस?"

"कायमचं."

तिने कागदाची घडी घातली. "पंचवीस झाले की राहायचं म्हणाला होतास."

"चोवीसच झाले."

"मग एक खेळ ना."

"डॉक्टरबाई नको म्हणतात. माझं डोकं बिघडलंय."

"माहितेय मला," ती म्हणाली, भूक लागलीय म्हणावं तशी. मग विचारलं, "शिंप्याची मुलगी येऊ शकेल आपल्याबरोबर?" नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या बाजूची घडी घातली. ती वाकडी आली, म्हणून उलगडून परत घातली.

मग वही उलटी करून म्हणाली, "जिथे जायचं तिथे कुठली भाषा बोलतात?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "अगं, घरी चाललोय आपण. आजीकडे, काकाकडे. आपलीच भाषा."

"दुकानात?"

"दुकानात पण."

"आणि शाळेत?"

"शाळेत पण. बाई, मुलं, सगळेच."

मला वाटलं होतं, हे ऐकून तरी तिला बरं वाटेल. हिला आणि मला तेवढाच एक आधार होता. मुंगी नखाने कव्हराची कड दाबत होती. दाबून झाली तरी दाबत राहिली.

"मग तिथे मी गप्प बसले," ती म्हणाली, "तर सगळ्यांना कळेल ना, की मुद्दाम बसलेय."

"हो," म्हटलं. "कळेल."

आणि मला रडू फुटलं. आधी नाकातून पाणी आलं, मग सगळंच आलं, थांबवता येईना. हाताने तोंड झाकलं तरी आवाज बाहेर येत होता. मुंगी माझ्याकडे टकामका बघत राहिली. मग वही तिथेच टाकून उठली आणि आत पळाली. "आई! आई, लवकर ये! बाबा रडतोय!" ओरडली, घरात काहीतरी चांगलं झाल्यासारखी. आणि ही ओल्या हातांनी धावत आली.